जुन्या जीपची खरी तपासणी व्हावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वाहन भंगार धोरणासंबंधी वृत्तपत्रांतून जे छापून येते ते वाचून पंधरा वर्षांहून जुनी प्रत्येक गाडी आता भंगारात जाणार, असा पुष्कळांचा समज झालेला दिसतो. इंदूरला राजेंद्रनगरातील आमच्या घराच्या पोर्चमध्ये मी गेली काही वर्षे १९८८ सालच्या नोंदणीची महिंद्रा एमएम ५४० ही फोर-व्हील-ड्राइव्ह जीप सवडीने खोलून बांधत आहे. फाटकावरून जाणारी शेजारची मंडळी 'काका, ही रस्त्यावर येऊ तरी देतील का?' असे अधूनमधून विचारतात. या प्रश्नाचे कायदेशीर उत्तर सोपे आहे, तांत्रिक उत्तर मात्र अवघड आहे, आणि आपल्या सार्वजनिक चर्चेत सोप्या उत्तराचाच घोळ घातला जात असल्याने अवघड उत्तराकडे कोणी वळत नाही, म्हणून हे पत्र.

मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ४१ प्रमाणे खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षे चालते आणि त्यानंतर वाहनाची पाहणी होऊन ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. पंधरा वर्षे पूर्ण होताच नोंदणी आपोआप रद्द होण्याचा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला, परंतु तो सरकारी मालकीच्या वाहनांपुरता आहे. दिल्ली परिसरात न्यायालयीन आदेशांमुळे परिस्थिती वेगळी आहे, पण इंदूर त्या परिसरात येत नाही. खासगी मालकाने स्वेच्छेने गाडी अधिकृत भंगार केंद्रात दिली तर नव्या गाडीच्या करात पंचवीस टक्क्यांपर्यंत सवलत मिळू शकते. ही सवलत आहे, सक्ती नव्हे. तात्पर्य, माझी जीप कायद्याने जिवंत आहे. फरक पडला तो शुल्कात. २०१८ साली जे नूतनीकरण सहाशे रुपयांत होत होते त्याला २०२३ मध्ये पाच हजार पडले, आणि वीस वर्षांवरील हलक्या वाहनांसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये झालेल्या वाढीनुसार २०२८ मध्ये दहा हजार पडतील.

अनेक हौशी मंडळींचा रोष या दहा हजारांवर आहे. माझा नाही. ज्या माणसाने टायरांच्या एका संचावर याच्या कितीतरी पट खर्च केला आहे त्याने पाच वर्षांतून एकदा येणाऱ्या शुल्काबद्दल गळा काढणे शोभत नाही. माझी तक्रार अशी आहे की या पैशांच्या बदल्यात गाडीची जी पाहणी व्हायला हवी तिचे स्वरूप नियमाने पुरेसे बांधून दिलेले नाही. चेसिस क्रमांकाचा ठसा जुळला, दिवे लागले, हॉर्न वाजला आणि प्रदूषणाचा दाखला जोडला की पाहणी संपली, अशी स्थिती कोठेही उद्भवू शकते. अशा पाहणीतून पुट्टी आणि चकचकीत रंगाखाली कुजलेली जीप सुखरूप बाहेर पडते आणि जिच्या प्रत्येक सांध्याचे काम झाले आहे पण अंगावर अजून रेड ऑक्साइडचा (गंज रोखणारा खालचा) थरच आहे, ती संशयित ठरते.

जुन्या जीपचे वय कुठे दिसते हे प्रथम सांगितले पाहिजे. विलीज (मूळ जीप बनवणारी अमेरिकी कंपनी) घराण्यातल्या सगळ्या गाड्यांप्रमाणे हिचा सगळा भार शिडीसारख्या चेसिसवर असतो आणि बॉडी तिच्यावर बोल्टांनी बसवलेली असते. किनारपट्टीवर खारी हवा गाडी खाते. आमच्या माळव्यात ते काम काळी माती करते. ही माती ओलावा धरून ठेवते, पावसाळ्यात चेसिसच्या पन्हळीत, कमानींच्या (स्प्रिंगपट्ट्यांच्या) हँगरमागे आणि मडगार्डच्या आतल्या कोपऱ्यांत थापून बसते आणि दिवाळी उलटून गेली तरी आतून दमट राहते. वरून पाहणाऱ्याला फक्त वाळलेला चिखल दिसतो. म्हणून घरी काम करणाऱ्याने पहिल्यांदा बॉडी उतरवावी, चेसिस तारेच्या ब्रशने व ग्राइंडरने धातूपर्यंत साफ करावी आणि लहान हातोडीने इंचाइंचावर ठोकून पाहावी. निरोगी लोखंड खणखणते, गंजलेले बद्द वाजते. जिथे बद्द वाजेल तिथे वरून पत्रा चिकटवून भागत नाही. सडलेला भाग चांगल्या धातूपर्यंत कापून काढावा लागतो, नवा तुकडा तेवढ्याच जाडीचा असावा लागतो आणि जोड चेसिसला आडवा, एका सरळ रेषेत न घेता तिरका घ्यावा लागतो, कारण सरळ आडव्या वेल्डच्या कडेलाच पुढे तडा जाण्याचा संभव अधिक असतो. हे काम हौशी माणसाने स्वतः करू नये, असे माझे मत आहे. साफसफाई, मोजमाप, खुणा आपण कराव्यात आणि वेल्डिंगला कसलेला कारागीर बोलवावा. मात्र त्याने काम सुरू करण्यापूर्वी बॅटरी सोडवली आहे ना आणि इंधनाची टाकी व नळ्या दूर आहेत ना, हे पाहण्याची जबाबदारी आपलीच असते.

दुसरी गोष्ट ब्रेकची. बहुतेक जुन्या जीपगाड्यांत चारही चाकांना ड्रम असतात आणि सगळ्यांना दाब देणारा मास्टर सिलिंडर एकच, तोही एकाच वाहिनीचा. एखाद्या चाकाच्या सिलिंडरचे रबर फाटले किंवा एखादी नळी गंजून गळू लागली, तर चारही चाकांचा ब्रेक एकाच वेळी जातो. आजच्या गाडीत वाहिन्या दोन असल्यामुळे निम्मा तरी ब्रेक उरतो, ती सोय इथे नाही. यासाठी मास्टर सिलिंडर, चाकांचे सिलिंडर, होजपाइप आणि लोखंडी नळ्या हा सगळा संच एकदम बदलावा, हप्त्याहप्त्याने बदलू नये. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषून घेते, त्यामुळे गाडी नुसती उभी असली तरी ते मुदतीने बदलावे लागते. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते, म्हणून ड्रम उघडल्यावर हवेच्या पाइपने धूळ उडवण्याची जी सर्वत्र पद्धत आहे ती सोडून ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. हँडब्रेकचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. विलीज पद्धतीच्या गाडीत तो मागच्या चाकांवर नसून ट्रान्स्फर केसच्या (पुढच्या व मागच्या ॲक्सलना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीच्या) मागे, प्रोपेलर शाफ्टवर म्हणजे ॲक्सलकडे ताकद नेणाऱ्या दांड्यावर असतो. त्यामुळे हँडब्रेक ओढून मागचे एक चाक जॅकवर उचलले की डिफरन्शियलमधून (दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरसंचातून) दुसरे चाक फिरायला मोकळे होते आणि गाडी जॅकवरून घसरू शकते. चाकांना ओट लावल्याखेरीज आणि चेसिसखाली आधाराच्या घोड्या ठेवल्याखेरीज कोणीही अशा गाडीखाली शिरू नये, हे मी येथे मुद्दाम लिहितो, कारण घरच्या गॅरेजमध्ये 'बाळा, जरा टॉर्च धर' म्हणून लहान मुलेही आजूबाजूला असतात.

तिसरी गोष्ट फोर-व्हील-ड्राइव्हची, आणि तिच्यावाचून या गाडीला अर्थच नाही. या जीपगाड्यांत पुढच्या व मागच्या शाफ्टमध्ये डिफरन्शियल नसतो. दांडा ओढून पुढचा ॲक्सल जोडला की दोन्ही शाफ्ट एकमेकांना घट्ट बांधले जातात आणि एकाच वेगाने फिरतात. वळणावर पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा लांबचा रस्ता कापावा लागतो. चिखलात किंवा वाळूत चाके थोडी घसरून हा फरक भरून काढतात, पण कोरड्या डांबरावर त्यांना घसरता येत नाही, आणि सगळा पीळ शाफ्टच्या क्रॉसवर व ट्रान्स्फर केसच्या दात्यांवर येतो. हे झाले वापराचे. याच कारणाने दोन्ही ॲक्सलचे गुणोत्तर तंतोतंत सारखे असावे लागते. ॲक्सलमधल्या क्राउन या मोठ्या दातेरी चक्राला ४३ आणि पिनियन या लहान चक्राला ८ दाते असतील तर गुणोत्तर ५.३८ येते आणि ३९ व ८ असतील तर ४.८८. विलीज घराण्यात ही दोन्ही गुणोत्तरे आढळतात. पूर्वीच्या एखाद्या मालकाने रस्त्यावर वेग वाढावा म्हणून मागचा ॲक्सल तेवढा बदलला आणि पुढचा तसाच ठेवला, तर टू-व्हीलमध्ये गाडी उत्तम चालते आणि फोर-व्हील जोडताच सरळ रस्त्यावरही स्वतःशीच भांडू लागते. माझ्या हाती आलेली जीप अशीच होती. ते ओळखायला कोणतेही यंत्र लागत नाही. टायरवर व शाफ्टवर खडूची खूण करावी, गाडी न्यूट्रलमध्ये सरळ ढकलावी आणि चाकाच्या एका फेऱ्यात पुढचा शाफ्ट किती फिरला व मागचा किती, ते मोजावे. पुढे फ्री-व्हील हब (पुढची चाके ॲक्सलपासून सुटी करणारे कुलूप) असतील तर ते आधी लॉक करावेत, एवढेच. इतकी साधी परीक्षा नूतनीकरणाच्या पाहणीत असायला काय हरकत आहे, हे मला उमगलेले नाही.

स्टिअरिंगविषयी थोडक्यात सांगतो. पुढचे चाक उचलून वरून व खालून धरून हलवले असता खडखड जाणवली, तर किंगपिनच्या (चाक ज्यावर वळते त्या खिळीच्या) बेअरिंगचे शिम म्हणजे पातळ चकत्या नव्याने बसवाव्या लागतात. हा दोष दुर्लक्षिला तर ठराविक वेगाला, एखाद्या खड्ड्यावर, पुढची दोन्ही चाके अनावर थरथरू लागतात. स्टिअरिंग डँपर (धक्के शोषणारा दांडा) लावून हा थरकाप झाकण्याचा प्रघात आहे. तो आजार झाकतो, बरा करत नाही.

येथे फेरफार केलेल्या जीपगाड्यांबद्दल लिहिणे भाग आहे. आमच्या शहरात पावसाळ्याच्या शनिवार-रविवारी चोरल, पातालपाणी आणि मांडूच्या रस्त्यांवर ज्या रुंद टायरांच्या, उंच उचललेल्या, डझनभर दिवे लावलेल्या उघड्या जीपगाड्या दिसतात, त्यांतील पुष्कळांना त्यांचे मालक 'रिस्टोअर केलेली' असे म्हणतात. कायद्याचे कलम ५२ सांगते की निर्मात्याने दिलेल्या मूळ वैशिष्ट्यांशी विसंगत ठरेल असा बदल नोंदणीकृत वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा असाच कडक अर्थ लावला आहे. पण कायदा क्षणभर बाजूला ठेवू. मूळच्या अरुंद टायरांसाठी आखलेल्या बेअरिंगवर आणि स्टिअरिंगवर दुप्पट रुंदीची चाके लादली, कमानींखाली ठोकळे देऊन गाडीचा गुरुत्वमध्य वर नेला आणि ब्रेक मात्र जुनेच ठेवले, तर ती गाडी जुनी असताना होती त्याहून धोकादायक होते. असे करणारी मंडळी पैसा खर्च करतात, हौसही खरी असते, म्हणून राग येण्यापेक्षा हळहळ अधिक वाटते. मूळ रूपात गाडी उभी करणे हे त्याहून कठीण, किचकट आणि कमी दिखाऊ काम आहे, आणि धोरणाने या दोन प्रकारांत फरक केला नाही तर फेरफारवाल्यांमुळे होणारी कारवाई जतन करणाऱ्यांच्या माथी येईल.

प्रदूषणाच्या प्रश्नावर माझी भूमिका कडक आहे. विषारी धूर सोडणाऱ्या गाडीला वारशाच्या नावाखाली सूट मिळू नये. एमएम ५४० मध्ये प्यूजोच्या बनावटीचे २११२ सीसीचे डिझेल इंजिन आहे, आणि ते काळा धूर सोडत असेल तर त्याचे कारण त्याचे वय हे नसून चोंदलेला एअर क्लीनर, झिजलेले इंजेक्टर किंवा पंपाचे बिघडलेले टायमिंग हे असते. निळा धूर असेल तर तेल जळते आहे, म्हणजे रिंगा, लायनर किंवा व्हॉल्व्हचे काम निघाले. ही कामे करता येतात आणि सुदैवाने इंदूरमध्ये अजून करणारे आहेत. लायनर बसवून बोअर करणारे खराद, क्रँक घासून देणारे, इंजेक्टरचा दाब लावून देणारे असे कारागीर या शहरात मिळतात, आणि त्यांच्या हाताखाली नवी मुले फारशी येत नाहीत ही या विषयातली खरी चिंता आहे. पेट्रोलवाल्यांपुढे आणखी एक अडचण आहे. मारुती जिप्सीचे १९८५ सालचे मूळ मॉडेल ९७० सीसीचे आणि कार्ब्युरेटरचे होते, आणि जुन्या विलीज पद्धतीच्या सीजे-३बी जीपमध्येही कार्ब्युरेटरच. आता पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सर्रास मिळते. त्या काळचे रबर या मिश्रणासाठी बनवलेले नव्हते, त्यामुळे होज फुगतात, पंपाचा पडदा कडक होतो आणि महिनोन्महिने उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीत इथेनॉल पाणी ओढून तळाशी गंज धरतो. ज्यांनी अशी गाडी घेतली आहे त्यांनी इंजिन सुरू करण्याच्या घाईआधी टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचे सगळे रबर इथेनॉल सोसणाऱ्या जातीचे घालून घ्यावे, नाहीतर गरम एक्झॉस्टजवळ गळणारे पेट्रोल आगीला निमंत्रण देते.

आता मधल्या वयाच्या गाड्यांचा प्रश्न. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२० मध्ये मसुदा काढून जुलै २०२१ मध्ये विंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली, मूळ रूपात राखलेली, चेसिस, बॉडी व इंजिनात मोठा फेरफार नसलेली दुचाकी व चारचाकी वाहने 'व्हीए' या वेगळ्या मालिकेत वीस हजार रुपये भरून दहा वर्षांसाठी नोंदवता येतात. बदल्यात ती रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाहीत. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणे अशा कारणांपुरतीच त्यांना मुभा आहे. नियम चांगला आहे. पण त्यात पन्नास वर्षांहून कमी वयाची गाडी बसत नाही. विलीजच्या परवान्यावर १९४७ साली मुंबईत जीपची जुळणी सुरू झाली तेथपासूनची पहिली पिढी त्यात येते, मात्र भारतीय रस्त्यांवर ज्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्यांनी खरी मेहनत केली त्या एमएम ५४०, पहिली जिप्सी आणि आमच्याच मध्य प्रदेशात जबलपूरच्या लष्करी वाहन कारखान्यात १९६९ ते १९९९ या काळात बनलेल्या जोंगापैकी बहुतेक गाड्या बाहेरच राहतात. ऐतिहासिक वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना फिवा तीस वर्षांची अट मानते, आणि जर्मनीतही ऐतिहासिक वाहनाच्या विशेष क्रमांकासाठी वयाची अट तीसच आहे, मात्र तज्ज्ञाने गाडी तपासून ती मूळ व सुस्थितीत असल्याचा दाखला दिल्यावरच तो क्रमांक मिळतो. आपण वयाची अट पन्नास धरली आणि तांत्रिक तपासणीवर तितका भर दिला नाही. माझ्या मते हे उलटे झाले. वयाची अट तीसवर आणावी आणि तपासणी कठोर करावी.

इंदूरइतकी सोयीची जागा या प्रयोगासाठी दुसरी शोधून सापडणार नाही. शेजारी पीथमपूरला नॅट्रॅक्स हे वाहन चाचणी केंद्र आहे आणि २०२१ साली खुली झालेली तिथली ११.३ किलोमीटरची वेगवान धावपट्टी आशियातील सर्वांत लांब म्हणून ओळखली जाते. त्याच पीथमपूरला ट्रॅक्स व गुरखा बनवणाऱ्या फोर्स मोटर्सचा कारखाना आहे. महू छावणीमुळे लष्करी लिलावातून सुटलेल्या जीपगाड्या आणि त्यांचे सुटे भाग या भागात पिढ्यान्‌पिढ्या येत राहिले. (लिलावातली गाडी घेणाऱ्याने विक्रीचे मूळ कागद हातात आल्याशिवाय चेसिसकडे पाहूसुद्धा नये. कागद नसलेली सुंदर जीप पोर्चची शोभा होते, वाहन होत नाही.) तपासणीचे ज्ञान, यंत्रे आणि माणसे चाळीस किलोमीटरच्या आत असताना तीस वर्षांवरील गाडीचा ब्रेक रोलरवर घालून पाहणे, चेसिस रॅम्पवर खालून तपासणे, स्टिअरिंगचा खेळ मोजणे आणि धुराचे प्रमाण प्रत्यक्ष इंजिनावर भार देऊन पाहणे अशक्य नाही. यासाठी दहा हजारांऐवजी पंधरा हजार लागत असतील तर तेही घ्यावेत. अशा तपासणीत माझी जीप नापास झाली तर ती मी आनंदाने पुन्हा खोलेन.

घरी काम करणाऱ्यांनीही आपल्या बाजूची तयारी ठेवली पाहिजे. चेसिसचा सडका भाग कापण्याआधीचे व नंतरचे छायाचित्र, खरादाची आणि सुट्या भागांची पावती, ॲक्सलचे दाते मोजल्याची नोंद, ब्रेकचा संच कोणत्या महिन्यात बदलला त्याची तारीख हे सारे एका वहीत असावे, आणि नियमांनी अशा वहीला तपासणीचा पूरक पुरावा मानावे. मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करताना केंद्र सरकार मसुदा प्रसिद्ध करून नागरिकांच्या हरकती व सूचना मागवते. पुढचा मसुदा येईल तेव्हा जीपप्रेमी मंडळींनी शुल्क कमी करा अशा अर्जांचा ढीग पाठवण्यापेक्षा ब्रेक, चेसिस, स्टिअरिंग, ॲक्सल व धूर या पाच बाबींच्या तपासणीचा नमुना तक्ता पाठवावा, आणि आपल्या दैनिकाने त्या वेळी मसुद्याची बातमी मुदत संपण्याआधी ठळकपणे द्यावी, ही विनंती.

आपला नियमित वाचक,
राजेंद्रनगर, इंदूर
(नाव व पत्ता संपादकांस कळवला आहे.)